अहिंसा, आत्मसंरक्षण आणि आखाडा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यान)



न्यासाच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना आयोजकांनी मला बोलण्यासाठी जो विषय दिला, तो ऐकून प्रथम मलाच थोडे आश्चर्य वाटले. ‘कुस्ती, ज्यूदो यांसारख्या पकडीच्या विद्या आणि आत्मसंरक्षण’ हा तो विषय. ज्या व्यासपीठावरून अहिंसा, अपरिग्रह आणि अनेकांत यांची निरूपणे झाली, त्या व्यासपीठावर डाव-प्रतिडावांची चर्चा व्हावी, हे वरवर पाहता विसंगत वाटते. तथापि या विषयामागे आपल्या घराघरांतील एक खरी काळजी उभी आहे, आणि म्हणूनच मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

ती काळजी कोणती? लातूर आणि नांदेड ही आज शिकवण्यांची शहरे झाली आहेत. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले, नांदेडनेही त्याच वाटेने मोठी मजल मारली. डॉक्टर, इंजिनिअर होण्याचे स्वप्न घेऊन खेड्यापाड्यांतील हजारो मुले-मुली येथे येतात आणि वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. सकाळी अंधारात शिकवणीला जातात, रात्री अंधारातच परततात. आपल्याही समाजातील कितीतरी लेकी त्यांत आहेत. मराठवाड्यातल्या एखाद्या गावातील आई रात्री साडेनऊला मुलीचा फोन येईपर्यंत डोळा लावत नाही, ही आजची वस्तुस्थिती आहे. या मुलांना आपण पुस्तके देतो, डबा देतो, मोबाईल देतो. परंतु स्वतःच्या शरीराविषयीचा विश्वास देतो काय?

हा प्रश्न मांडला की दोन आक्षेप समोर येतात. पहिला धर्माचा: मारामारीचे शिक्षण अहिंसेशी कसे जुळावे? दुसरा व्यवहाराचा: मुलींनी कुस्ती-ज्यूदो शिकून काय साधणार, आणि अभ्यासाचे काय? या दोन्हींचा क्रमाने विचार करू.

धर्माविषयी आपल्यासमोर मी बोलणे म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवण्यासारखे आहे. मी शारीरिक शिक्षणाचा एक साधा शिक्षक. परंतु आपल्याच आचार्यांनी हिंसेचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांचे स्मरण करून देतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. कोणाला तरी इजा करावी असा हेतू धरून केलेली ती संकल्पी हिंसा. गृहस्थाने तिचा त्याग करावयाचा असतो. स्वयंपाक, झाडलोट यांत घडणारी ती आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात घडणारी ती उद्योगी. आणि स्वतःचे, कुटुंबाचे, धर्माचे आक्रमणापासून रक्षण करताना नाइलाजाने घडणारी ती विरोधी. महाव्रते पाळणारे मुनी या चारही प्रकारांपासून दूर राहतात. अणुव्रती गृहस्थास मात्र विरोधी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी मान्य केले आहे. तत्त्वार्थसूत्राने तर हिंसेचा संबंध प्रमादाशी, म्हणजे असावधपणाशी आणि विकारवशतेशी जोडला. तेव्हा खरा प्रश्न असा की, संकट ओढवले असता आपण रागाच्या आणि भीतीच्या आहारी जाऊन वागणार, की सावध राहून, आवश्यक तेवढाच प्रतिकार करणार? सावधपणा हा अभ्यासाने येतो, आणि त्या अभ्यासाचे एक ठिकाण म्हणजे आखाडा होय.

आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कुस्ती कोणती, हे येथील लहान मूलही सांगेल. भरत आणि बाहुबली या दोन भावांत राज्यावरून कलह झाला, तेव्हा सैन्यांचा संहार टाळावा म्हणून दोघांनीच बळ आजमावावे असे मंत्र्यांनी सुचविले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असे तीन प्रकार ठरले. अखेरच्या मल्लयुद्धात बाहुबलींनी भरताला दोन्ही हातांनी उचलले. परंतु वडील बंधूला जमिनीवर आपटणे त्यांना उचित वाटले नाही. जिंकण्याच्या त्या क्षणीच त्यांच्या मनात वैराग्याचे बीज पडले. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात ही कथा विस्ताराने वर्णिली. जिनसेनाचार्य हे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू. आणि राष्ट्रकूट स्वतःस ज्या ‘लट्टलूर’ नगरीचे स्वामी म्हणवून घेत, ते लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे एक महत्त्वाचे स्थान होते. म्हणजे ही कथा दूरदेशीची नाही. ज्या राजकुळाच्या आश्रयाने ती लिहिली गेली, त्याचे मूळ नाव आपल्या मातीशी जोडलेले आहे.

या कथेत माझ्यासारख्या शिक्षकाला एक फार मोठा धडा दिसतो. प्रतिस्पर्धी पूर्णपणे हातात आल्यावर त्याला इजा करावयाची की नाही, हा निर्णय ज्याच्या हाती राहतो, तोच खरा बलवान. दुबळ्या माणसाला असा निर्णय घेण्याची संधीच मिळत नाही. पकडीच्या विद्येचे सारे मर्म एवढ्यात आले.

कारण ठोसा आणि पकड यांत मूलभूत भेद आहे. ठोसा एकदा सुटला की तो परत घेता येत नाही. समोरच्याचा दात पडेल की डोळा जाईल, हे मारणाऱ्याच्या हाती राहत नाही. पकडीचे तसे नाही. पकड घट्ट करता येते, सैल करता येते, आणि सोडूनही देता येते. ज्यूदो किंवा जिउजित्सूच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एक खूण शिकवतात. डाव लागला आणि सुटका होत नाही असे वाटले, की जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोनदा थोपटावयाचे. ही खूण मिळताच पकडणाऱ्याने त्याच क्षणी सोडले पाहिजे. क्षणाचाही विलंब तेथे गुन्हा मानला जातो. रोज वीस-पंचवीस वेळा सोडून देण्याचा असा सराव ज्या मुलाच्या अंगवळणी पडतो, त्याच्या रागालाही सोडून देण्याची सवय लागते, असा माझा अनुभव आहे.

मल्लविद्या आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. लातूर जिल्ह्याच्या सीमेलगत बसवकल्याण आहे; तेच चालुक्यांचे कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, वजन उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरचा व्यायाम अशी शिस्तबद्ध दिनचर्या त्यात दिली आहे. आजही माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो, हे आपण पाहतोच.

आधुनिक काळात तर लातूर जिल्ह्याने देशाला मोठे मल्ल दिले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली लातुरातच झालेल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला, आणि पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. ‘रुस्तुम-ए-हिंद’ म्हणून ते देशभर गाजले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी २०११ साली देहावसान होईपर्यंत शिष्य घडविले. बीड जिल्ह्याचा राहुल आवारे हा त्यांचाच शिष्य. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले. लातूर जिल्ह्याचेच काका पवार यांनी पुण्यात कुस्ती संकुल उभारून मराठवाड्याच्या कितीतरी मुलांना हक्काचे छप्पर दिले.

याच संकुलातील एक प्रसंग मुद्दाम सांगतो. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूस नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूस लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवार यांचेच शिष्य, एकाच तालमीत घाम गाळलेले. अतिशय चुरशीच्या लढतीत हर्षवर्धन विजयी झाला, आणि विजयानंतर त्याने हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतले. ते छायाचित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बाहुबलींच्या त्या उचललेल्या हातांची आठवण मला ते पाहताना झाली.

आता पूर्वेकडील एका शिक्षकाविषयी. जपानमधील जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोचा पाया घातला. जुन्या जुजुत्सूत इजा करणारे अनेक प्रकार होते. ते त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. परिणाम विलक्षण झाला. घातक प्रकार गेल्यामुळे विद्यार्थी पूर्ण जोर लावून, तरीही एकमेकांना न दुखावता, रोज सराव करू लागले. आणि रोजच्या खऱ्या सरावामुळे ते अधिक कुशल झाले. बळाचा नेमका उपयोग आणि परस्परांचे कल्याण ही कानो यांनी सांगितलेली दोन सूत्रे. आपल्या ‘परस्परोपग्रह’ या विचाराशी त्यांचे नाते सांगण्याची गरज नाही.

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२९ साली ज्यूदोचे शिक्षक शिन्झो ताकागाकी यांना जपानहून शांतिनिकेतनात आणले. कवी, चित्रकार आणि गायक घडविणाऱ्या त्या आश्रमात मुलांबरोबर मुलीही ज्यूदो शिकत. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन यांनीही तेथे ज्यूदोचे धडे घेतले होते. शंभर वर्षांपूर्वी जे गुरुदेवांना संस्कृतीशी विसंगत वाटले नाही, ते आज आपल्याला का वाटावे?

येथून दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. ‘मुलींचे हे काम नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना काळानेच उत्तर दिले आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांचा ज्यूदो १९९२ पासून आणि महिलांची कुस्ती २००४ पासून आहे. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिकने भारतीय महिला कुस्तीला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. परंतु आपल्या सर्वच मुलींनी मल्ल व्हावे, असे मी म्हणत नाही. त्यांना निर्भय होता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

अशा शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो काय? कॅनडात तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा तासांचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके. वर्षभरानंतर बलात्काराचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. त्या बारा तासांत केवळ डाव नव्हते. धोका कसा ओळखावा, ओळखीच्या माणसाला ठामपणे नकार कसा द्यावा, भिडस्तपणा कसा टाकावा, आणि मग शरीराने प्रतिकार कसा करावा, असा तो क्रम होता. हे फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्या देशातील गुन्ह्यांची शासकीय आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी माणूस एवढेच चित्र मुलींसमोर उभे करणारे प्रशिक्षण म्हणूनच अपुरे होय. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हा संस्कार आपण देतो. त्याबरोबरच ‘अंगाला हात लावणाऱ्याला मोठ्याने नाही म्हणावे’ हा संस्कारही दिला पाहिजे.

चांगल्या वर्गात नेमके काय शिकवतात, ते थोडक्यात सांगतो. सर्वप्रथम पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि हाताच्या तळव्याने गादीवर थाप. ही एक कला दुचाकीवरून पडतानाही डोके वाचवू शकते. त्यानंतर उभे राहण्याचा पवित्रा, अंतर आणि आवाज. मग सुटका. कोणी मनगट धरले तर त्या पकडीची सर्वांत दुबळी बाजू अंगठ्याकडे असते. चार बोटांच्या विरुद्ध ओढाताण न करता, कोपर पुढे नेऊन मनगट अंगठ्याच्या फटीकडे वळविले की लहान चणीच्या मुलीलाही हात सोडविता येतो. कोणी खाली पाडून अंगावर बसले, तर हातांनी ढकलून उपयोग होत नाही; त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून, कंबर जोराने वर उचलून त्या बाजूस कलंडावे लागते. येथे दंडाच्या बळापेक्षा कंबर आणि पाय यांचे बळ कामी येते. या सर्वांचा शेवट एकच: उठावे, ओरडावे आणि पळावे. पळणे हा पराभव नव्हे. आत्मसंरक्षणात तोच विजय होय.

या विद्येच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. नांदेडमध्ये होला मोहल्ल्याच्या वेळी शीख तरुणांचे गतक्याचे खेळ आपण कौतुकाने पाहतो. परंतु रस्त्यावरून चालणाऱ्या मुलीच्या हाती शस्त्र नसते. समोरच्याच्या हाती चाकू असेल किंवा चार-पाच जण असतील, तर पकड घेण्याचा विचारही करू नये. पर्स, मोबाईल, गळ्यातील साखळी देऊन टाकावी आणि जीव वाचवावा. अपरिग्रहाचा याहून व्यवहारी उपयोग कोणता? ११२ हा साहाय्याचा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ असावा. आणि एखादीला प्रतिकार करता आला नाही, तर दोष तिचा कधीच नसतो, हे घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

कायदाही याच मर्यादा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. पूर्वी दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, त्याहून अधिक नाही, असे बंधन त्यात आहे. विरोधी हिंसेच्या विचारातही गृहस्थाकडून हीच अपेक्षा आहे.

आता पालकांसाठी काही सूचना. प्रशिक्षण केंद्र निवडताना भिंतीवरील पदकांपेक्षा तेथील शिस्त पाहावी. पालकांना सराव पाहण्याची मुभा असावी. जेथे दार बंद असते, तेथे मूल पाठवू नये. मुलींच्या वर्गात महिला प्रशिक्षक असावी. स्पर्शाचे नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगितलेले असावेत आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे मुलांना ठाऊक असावे. वजन आणि वय पाहून जोड्या लावाव्यात. लहान मुलांना गळा आवळण्याचे किंवा सांधे पिळण्याचे प्रकार शिकवू नयेत. मान आणि गुडघा यांच्या दुखापतींकडे दुर्लक्ष होता कामा नये. गादी रोज पुसलेली, नखे कापलेली, अंग स्वच्छ असावे, कारण दाद-नायटा अशा वर्गांतून झपाट्याने पसरतो. तीन महिन्यांत काळा पट्टा देण्याचे आश्वासन जो देतो, त्याच्यापासून दूरच राहावे.

आहाराचा प्रश्नही नेहमी विचारला जातो. मांसाहाराशिवाय बळ येत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. दूध, तूप, बदाम आणि थंडाई हा तर तालमीचा पारंपरिक खुराक. आपल्या भागातील तूरडाळ, शेंगदाणे, तीळ आणि सोयाबीन यांत वाढत्या मुलांना पुरेशी प्रथिने मिळतात. रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवला की व्रतालाही बाधा येत नाही. अभ्यासाचे म्हणाल, तर दहा-बारा तास खुर्चीवर वाकून बसणाऱ्या मुलाला आठवड्यातून तीन वेळा एक तास घाम गाळता आला, तर त्याची झोप सुधारते आणि मन ताजे होते. तो तास वाया गेला असे मानू नये.

विश्वस्त बंधूंना माझी एकच विनंती आहे. न्यासाच्या सभागृहाचा काही भाग सकाळच्या वेळी मोकळा असतो. तेथे गाद्या अंथरून, एक जाणती महिला प्रशिक्षक नेमून, आठवी ते बारावीच्या मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे वर्ग सुरू करावेत. मुलांना यातून वगळू नये. बळ हाती असताना ते सोडून देण्याचा सराव मुलांना अधिक आवश्यक आहे. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या, आपल्या समाजाबाहेरच्या मुलींनाही दार खुले असावे. येथे पहिल्या दिवशी पाच मुली आल्या तरी प्रारंभ करावा.

पन्नास वर्षांत या न्यासाने जिनमंदिर, पाठशाळा आणि रुग्णसेवा यांची परंपरा जपली. पुढील पन्नास वर्षांच्या यादीत आपल्या लेकींचा निर्भयपणा हाही एक विषय यावा, अशी मनःपूर्वक अपेक्षा व्यक्त करतो. अभयदान हे आपल्याकडे श्रेष्ठ दान मानले आहे. ते देण्याची सुरुवात स्वतःच्या घरातून व्हावी.